घोरपड खरी होती का?
अद्भुतकथा, दंतकथा आणि कादंबरी यांविषयी काही विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेसा विषय निवडावा म्हणून मी शाळेच्या वर्गातलाच एक प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे. इतिहासाच्या तासाला सिंहगडाचा धडा सुरू झाला की कोणीतरी विद्यार्थी हात वर करतो आणि विचारतो, "सर, घोरपड खरी होती का?" प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर देताना चांगल्या चांगल्या शिक्षकांची अडचण होते. "होती" म्हणावे, तर पुरावा नाही. "छे, ती भाकडकथा" म्हणावे, तर मुलाच्या चेहऱ्यावरचे तेज मावळते, आणि त्याबरोबर त्या रात्रीचा कडा, तो अंधार, ती माणसे, सगळेच त्याला खोटे वाटू लागते. या दोन उत्तरांखेरीज तिसरे उत्तर आहे का, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

माझ्या मते ते आहे. कथा सांगण्याचे निरनिराळे प्रकार हे ऐकणाऱ्याशी केलेले निरनिराळे करार असतात. अद्भुतकथा सांगणारा म्हणतो, "हे घडलेले नाही, तुम्हालाही ते ठाऊक आहे, तरी ऐका." दंतकथा सांगणारा म्हणतो, "आमच्या वाडवडिलांनी हे असे सांगितले." कादंबरीकार म्हणतो, "ही माणसे मी कल्पिली आहेत, पण यांच्यासारखी माणसे तुमच्या शेजारी राहतात." बखरकार आणि इतिहासकार यांचा करार आणखी वेगळा. कोणता करार चालू आहे हे ओळखता आले, की कोणतीच कथा आपल्याला फसवीत नाही. ते ओळखता आले नाही, म्हणजे मात्र आपण एक तर भाबडे होतो, नाही तर रुक्ष.

हा विवेक आपण इंग्रजांकडून शिकलो अशी एक समजूत आहे, ती बरोबर नाही. अमरकोशात आख्यायिका आणि कथा असा भेद केलेला आहे. जिची वस्तू आधीच माहीत असते ती आख्यायिका, आणि जिची रचना कल्पनेने केलेली असते ती कथा. सातव्या शतकात बाणभट्टाने हे दोन्ही प्रकार हाताळले. आपला आश्रयदाता राजा हर्ष याच्याविषयी त्याने 'हर्षचरित' लिहिले, ती आख्यायिका. 'कादंबरी' लिहावयास घेतली, ती कथा. ती अपुरी राहिली आणि त्याच्या पुत्राने पुरी केली. दंडीने मात्र काव्यादर्शात या भेदावर आक्षेप घेतला. त्याच्या मते जात एकच, नावे तेवढी दोन. म्हणजे घडलेले आणि कल्पिलेले यांच्या सीमेवरचा वाद आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे.

प्रथम अद्भुतकथेकडे वळू. भारतातील कथांच्या महानदीचा उगम ज्या ग्रंथात सांगतात, त्या 'बृहत्कथे'चा संबंध परंपरेने आपल्या पैठणशी जोडला आहे. सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही सोडल्या, आणि पिशाचांच्या भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने त्या भाषेचा तिरस्कार करून ती परत पाठविली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात अग्नी पेटवून बसला, आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. ऐकणारे प्राणी चारापाणी विसरले. त्यांचे मांस सुकले, राजाच्या मुदपाकखान्यात नि:सत्त्व मांस येऊ लागले, आणि चौकशी करीत राजा तेथे पोचला. तोपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते; उरला एक लक्ष.

मूळ पैशाची ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'तून. ती इतिहास म्हणून कोणी वाचणार नाही. पण कथेविषयी तीत केवढे खरे सांगितले आहे, ते पाहा. दरबाराने नाकारलेली कथा अरण्याने ऐकली. प्रतिष्ठित भाषेत नसलेली कथा कमी प्रतीची ठरली, आणि तिचा मोठा भाग गेल्यावर तिची किंमत कळली. ज्यांच्या मुलखात घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कचेरीची तिसरी असते, अशा आपणा सीमेवरच्या माणसांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. अद्भुतकथा घडलेले सांगत नाही. नेहमी घडत असलेले सांगते.

म्हणूनच मराठी गद्य छापले जाऊ लागले, तेव्हा आरंभीच्या पुस्तकांत अशाच कथा होत्या. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यातून १८१४ साली मराठी 'सिंहासन बत्तिशी' निघाली, आणि पाठोपाठ 'हितोपदेश' निघाला. पुढे १८६० नंतरच्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचे भाषांतर इंग्रजीच्या द्वारे सुरू केले. तेव्हा मराठी वाचकाला त्या परक्या वाटल्या नाहीत. वेताळ आणि विक्रमराजा यांच्याशी त्याचा आधीपासून परिचय होता.

आता कादंबरीकडे येतो, आणि येथे मला आपल्या बेळगावविषयी थोडा अभिमान बाळगण्याची परवानगी असावी. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा सामान्यतः उल्लेख होतो, ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. त्यांचे आरंभीचे शिक्षण येथील मिशनच्या शाळेत झाले, आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षाही येथेच घेतली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड' ही १८७१ ची. तिचे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे याच जिल्ह्यातील जांबोटीचे, जन्म १८४३. एकाच जिल्ह्याने मराठी कादंबरीला तिच्या दोन्ही वाटा दाखवून दिल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

'कादंबरी' हे नावच मोठे बोलके आहे. बंगालीत या प्रकाराला उपन्यास म्हणतात आणि गुजरातीत नवलकथा. मराठीने बाणाच्या एका नायिकेचे नाव सगळ्या प्रकाराला दिले, आणि आपल्या शेजारच्या कन्नडनेही तेच केले. भाषांच्या वादात होरपळलेल्या या गावात, दोन्ही भाषांची मुले ग्रंथालयात जाऊन एकाच शब्दाने पुस्तक मागतात, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

परंतु या नावाबरोबर एक पेचही आला. बाणाची कादंबरी गंधर्वलोकातली, शापांची आणि पुनर्जन्मांची. मग नवी कादंबरी कशाविषयी असावी? १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. दोन्ही अद्भुताच्या वळणाच्या, आणि वाचकांच्या आवडीच्या. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक प्रामाणिक कबुली दिली आहे. तिचा आशय असा की, आपल्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर काही कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे गुणही नाहीत आणि दोषही नाहीत. रोजच्या अनुभवाचे लिहावे तर त्यात चटका नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते.

या कबुलीला हसू नये. मुलामुलींची लग्ने आईबाप लहानपणीच लावून टाकीत, अशा समाजात प्रेमकथा कोठून आणावी, हा लेखकाचा खराच प्रश्न होता. पण गंमत पाहा. ज्या लग्नाच्या चालीमुळे लिहिण्यासारखे काही उरत नाही असे रिसबुडांना वाटले, त्याच चालीतून बाबा पदमनजींना अकरा वर्षे आधी सगळी कादंबरी मिळाली होती. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला, आणि पुढल्याच वर्षी 'यमुनापर्यटन' बाहेर पडले. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासाला निघते. जेथे उतरावे तेथे एखादी विधवा भेटते, आणि तिची कहाणी कानी पडते. पुढे यमुनेवर स्वतःवरच ती पाळी येते.

या पुस्तकात दोष आहेत. लेखकाचा धर्मोपदेश कथेवर स्वार होतो, आणि अखेर कोठे जाणार हे वाचकाला आधीच कळते. तरी एक गोष्ट त्यांनी कायमची सिद्ध केली. केशवपन झालेली, माजघराच्या अंधारात बसलेली बाई ही कथेचा विषय होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. तोवर ती कोणत्याही अद्भुतकथेची नायिका नव्हती, की कोणत्याही पोवाड्याची. कादंबरी या प्रकाराचे खरे मोल येथे आहे. ज्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही असे सर्वांनी ठरवून टाकलेले असते, त्यांच्याकडे ती वळून पाहते. हरिभाऊ आपटे यांनी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. तिच्यात हीच वेदना खुद्द नायिकेच्या तोंडून, उपदेशाचा आधार न घेता सांगितली आहे. त्या नायिकेचे नाव यमू. पहिल्या यमुनेनंतर सुमारे तेहतीस वर्षांनी ही दुसरी यमुना मराठी वाचकांच्या घरात आली, आणि या वेळी ती शेजारीण म्हणून आली.

गुंजीकरांची वाट निराळी होती. 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाचे ते एक संस्थापक, व्याकरण आणि भाषा यांचे अभ्यासक, कोणत्याही विधानाला आधार मागणारे. अशा माणसाने शिवकालावर कादंबरी लिहावयास घेतली, तेव्हा त्याने किल्लाच कल्पित घेतला. मोचनगड नावाचा गड सह्याद्रीत शोधून सापडणार नाही. काळ खरा, वातावरण खरे, आणि गड व तेथली माणसे मात्र लेखकाची. यात मोठा विवेक होता असे मला वाटते. खऱ्या गडाविषयी खोटे सांगण्यापेक्षा कल्पित गडाच्या आश्रयाने काळाविषयी खरे सांगावे, हा त्यांचा करार स्पष्ट होता.

आता आपण पुन्हा सिंहगडाकडे येऊ, कारण बखर, पोवाडा आणि कादंबरी या तिघींचे करार तेथे एकाच कड्यावर भेटतात.

इतिहासाला निश्चित ठाऊक असलेले थोडे आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी निवडक मावळ्यांनिशी तो घेतला. मोगलांचा किल्लेदार उदेभान आणि तानाजी दोघेही त्या लढाईत पडले.

सभासदाची बखर या प्रसंगानंतर सुमारे पाव शतकाने, १६९० नंतरच्या दशकात, जिंजी येथे लिहिली गेली. तिच्यात मावळे वानरांप्रमाणे चपळाईने कडा चढतात. घोरपड नाही. महाराजांचे उद्गारही आपल्या ओळखीचे नाहीत. एक गड मिळाला आणि त्याच्या बदल्यात दुसरा गड गेला, अशा आशयाचे ते आहेत. म्हणजे तानाजीलाच तेथे गड म्हटले आहे. 'सिंह' तेथे नाही. आणि सिंहगड हे नाव तर १६६३ सालच्या पत्रात आढळते. तानाजीच्या मृत्यूमुळे कोंढाण्याला हे नाव पडले, ही समजूत त्या एका पत्रापुढे टिकत नाही.

मग हे सारे आले कोठून? ते शाहिराकडून आले. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहातून छापील रूपात सर्वांपुढे आला. त्यापूर्वी तो डफ आणि तुणतुण्याच्या साथीने गावोगाव फिरत होता. त्यात जिजाबाई गडाकडे पाहून अस्वस्थ होतात, पुत्राला बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, तो जिंकतात आणि पणात कोंढाणा मागतात. तानाजी मुलाच्या लग्नाची अक्षत घेऊन येतो आणि लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघतो. म्हातारा शेलारमामा आहे, आणि यशवंती घोरपडही आहे.

दस्तऐवजाच्या कसोटीवर यांतील बरेच टिकणार नाही. घोरपडीची कथा तर आणखी एका ठिकाणी भेटते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या मुधोळच्या घोरपडे घराण्याचे आडनाव बहमनी काळातील अशाच एका गडारोहणावरून पडले, असे परंपरा सांगते. एकच अद्भुत घटना दोन काळांत, दोन गडांवर सांगितली जाते, तेव्हा ती घटना नसून कथनाची एक ठेव आहे, असा तर्क अभ्यासक करतात, आणि तो योग्यच आहे.

पण येथे थांबलो तर आपण शाहिरावर अन्याय करू. सोंगट्यांच्या डावातून तो सांगतो की, ही मोहीम एका आईची तळमळ होती. लग्नाच्या अक्षतीतून तो सांगतो की, लढावयास जाणाऱ्या माणसाला घर होते, मुलगा होता, ठरलेला मुहूर्त होता. आणि घोरपडीतून तो सांगतो की, तो कडा माणसाच्या हातापायांनी चढण्यासारखा नव्हता. शाहीर कागद सांभाळीत नव्हता. त्या रात्रीचे मोल सांभाळीत होता. ज्यांना वाचता येत नव्हते अशा हजारो श्रोत्यांपर्यंत ते मोल त्याने दोनशेहून अधिक वर्षे पोचविले. बखरीने हे काम केले नसते. ती दरबारासाठी होती.

पुढे १९०३ च्या सुमारास हरिभाऊंनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. तिच्यात उदेभानाच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री आहे. ती कादंबरीकाराची निर्मिती. वाचकाला रात्रभर जागे ठेवील असा जिवंत धागा त्यांना हवा होता, आणि तो त्यांनी विणला. याच कादंबरीच्या आधाराने बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ साली 'सिंहगड' चित्रपट काढले. कादंबरी, चित्रपट, शाळेतील नाट्यप्रवेश असा प्रवास झाल्यावर कमलकुमारी खरीच होती असे मानणारी माणसे आढळू लागली. कादंबरीची दंतकथा झाली. यात हरिभाऊंचा अपराध नाही. कथा त्यांची होती. तिच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' हा करार छापलेला होता. तो वाचावयाचे आपण विसरलो.

या विसरण्याची किंमत लहान नसते. पोवाड्यातला किंवा कादंबरीतला प्रसंग पुरावा म्हणून हाती घेऊन माणसे एकमेकांवर धावून जातात, आणि शंका विचारणाऱ्याला शत्रू ठरवितात. उलट, जुन्या कागदांच्या जोरावर सर्व लोककथांना खोटे ठरविणारा पंडितही एका अर्थी तोच दोष करतो. दोघांनाही वाटते की, सत्य सांगण्याची रीत एकच असते. येथे इतिहासाचार्य राजवाडे यांचे स्मरण होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने दप्तरादप्तरांतून गोळा करण्यात ज्यांनी हाडे झिजविली, त्याच राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' या विषयावर विस्तृत निबंध लिहिला, आणि अद्भुत व वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा गंभीरपणे विचार केला. साधनांच्या बाबतीत इतका कठोर असलेला माणूस कल्पिताला तुच्छ मानीत नव्हता. ज्याला कागदाची किंमत कळते, त्यालाच कथेची किंमतही नीट कळते.

तर श्रोतेहो, वर्गातल्या त्या मुलाला काय सांगावे? मी असे सांगेन: "बाळ, घोरपड होती असे त्या काळच्या लिखाणात नाही. ती शाहिराने सांगितली. शाहिराला ती का सांगावीशी वाटली असेल, ते तू मला सांग." मग त्याला सहलीला त्या कड्याखाली न्यावे, आणि वर पाहावयास सांगावे. मान मागे टाकून तो वर पाहील, तेव्हा उत्तर त्याचे त्यालाच मिळेल. त्याच्या हातून घोरपड हिरावून घेतली जाणार नाही, आणि त्याच्याशी खोटेही बोलावे लागणार नाही.

त्याच मुलाला कधीतरी यमुनेची गोष्टही वाचावयास द्यावी. शूराचा कडा सर्वांना दिसतो. माजघरातला कडा दाखवावयास कादंबरी लागते. आणि घरी आजी सांगते त्या राजा-राक्षसांच्या गोष्टी त्याने कंटाळून सोडू नयेत, म्हणून गुणाढ्याची गोष्ट त्याच्या कानावर घालावी. सहा भाग जळून गेल्यावर धावत येणाऱ्या राजासारखी वेळ आपल्यावर येऊ नये. आपल्या घरांतून ज्या भाषेत गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतील किती अजून शिल्लक आहेत आणि किती अग्नीत गेल्या, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावयाचा आहे.

ज्या गुरुजींच्या स्मृतीला आपण आज वंदन करीत आहोत, त्यांच्यासारखे शिक्षक हे तिन्ही करार मुलांना ओळखावयास शिकवितात. तेवढे शिकलेला विद्यार्थी पुढे कोठेही गेला, कोणत्याही भाषेत वावरला, तरी त्याला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही, आणि कोणत्याही सुंदर गोष्टीला तो मुकतही नाही.